मागची तारीख

बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला 'बॅकडेट' हा शब्द ऐकला की अजून धस्स होतं. त्यातून मी शेवटची काही वर्षं तपासणी खात्यात होते. मागची तारीख घातलेली एक नोंद सापडली, की तिच्या पोटात आणखी तीन सापडणार हे ठरलेलं. त्यामुळे अड्यारला लेकीकडे राहायला गेले असताना तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी हसत हसत सांगितलं, "मॅडम, मी गाडी बॅकडेट करतोय," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "आर. सी. बुकात काय लिहिलंय?"

पुढे आमची चांगली गट्टी जमली. ते असतील बेचाळीस-त्रेचाळीसचे. संगणकाच्या कंपनीत नोकरी, आणि शनिवार-रविवार हात कोपरापर्यंत काळे. त्यांचे वडील, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचे अप्पा, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून पेपर वाचत. वाचत म्हणायचं इतकंच, लक्ष सगळं गाडीकडे.

गाडी होती १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. अप्पांनी ती १९७१ मध्ये जुनीच विकत घेतली होती. आपल्याकडे पुण्या-मुंबईत त्या काळी फियाट तरी दिसे, नाहीतर ॲम्बॅसॅडर. फियाट कुर्ल्याची, ॲम्बॅसॅडर कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची, आणि स्टँडर्ड ही मद्रासची, वंडलूरच्या कारखान्यातली. मद्रासकरांना या गाडीचा अभिमान वाटतो तो त्यामुळे. मूळची ही विलायतेतली ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ साली बाजारात आलेली. तिचा तोंडवळा काढला इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. आपल्याकडे ती १९६१ पासून बनू लागली. चार दारांची हेराल्ड नंतर आली, ती मात्र भारतातच बनली. १९७२ मध्ये तिचं रूप बदलून 'गझेल' आली, १९८५ मध्ये मोठी 'स्टँडर्ड २०००' आली आणि १९८८ मध्ये कारखानाच बंद पडला.

आता तुम्ही म्हणाल, ही तर साधी घरगुती गाडी, हिचं एवढं कौतुक कसलं? गंमत अशी की हिची एक सख्खी बहीण स्पोर्ट्स कार आहे. हेराल्डची चासी थोडी आखूड केली, तिच्यावर मिकेलोत्तींनीच बेतलेली दोन माणसांची उघडी बॉडी बसवली आणि १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर जन्माला आली. १९८० पर्यंत ती बनत होती. इंजिन एकाच घराण्यातलं. हेराल्डचं ९४८ सीसीचं, स्पिटफायरचं सुरुवातीला ११४७ सीसीचं. म्हणजे एक बहीण सासरी नांदणारी, दुसरी केस मोकळे सोडून हिंडणारी. हेराल्डच्या प्रत्येक मालकाच्या मनात ही दुसरी बहीण असतेच, असं शेजारी म्हणायचे.

त्यांच्या मनात ती लहानपणीच शिरली होती. मद्रासच्या उत्तरेला शोलावरमला महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी आहे. तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब गाड्यांच्या शर्यती भरवायचा. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला खास ट्रॅक झाला, तोवर शर्यती म्हणजे शोलावरमच. अप्पा दरवर्षी हेराल्डमध्ये सगळं कुटुंब कोंबून, दहीभाताचा डबा घेऊन तिथे जात. मागे जास्त माणसं बसली की या गाडीची मागची चाकं खाली फाकतात, फेंगड्या पोरासारखी. तशा फेंगड्या गाडीतून उतरून हा मुलगा समोरून सुसाट जाणाऱ्या गाड्या पाहायचा आणि आपलीही त्यांच्यातलीच आहे असं मित्रांना सांगायचा.

मग २०१५ चा डिसेंबर आला. चेन्नईतल्या माणसाला तो महिना सांगावा लागत नाही. अड्यार नदी फुगली आणि काठच्या वस्त्यांत शिरली. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. लेक-जावई, नातवंडं दोन दिवस गच्चीवर. पाणी ओसरल्यावर अंगणात चार गाड्या चिखलात रुतलेल्या. त्यातल्या तीन नव्या होत्या. त्यांच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांत पाणी गेलं आणि विमा कंपनीनं तिन्ही मोडीत काढल्या. चौथी हेराल्ड. तिच्यात भिजून मरण्यासारखं काही नव्हतंच! वायरी, डायनॅमो, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्यूटर. धुतलं, वाळवलं, संपलं.

अर्थात इतकं सोपं नसतं. पुरातल्या गाडीची चावी फिरवायची नाही, हा पहिला धडा अप्पांनी मुलाला व्हरांड्यातून ओरडून दिला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. म्हणून चारही प्लग काढायचे, भोकांतून डिझेल ओतायचं, ते चांगलं मुरू द्यायचं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. गिअरबॉक्समधून तेलाऐवजी जे बाहेर आलं ते मी पाहिलं, दुधाच्या चहासारखं होतं.

हेराल्डची एक सोय मला फार आवडली. बॉनेट, पुढचे दोन्ही मडगार्ड आणि दिवे असं सगळं तोंडच एकसंध पुढे उलटतं. मग माणूस चाकावर बसून आरामात काम करू शकतो, मोरीवर बसून भांडी घासावीत तसं. आणि सगळी गाडी नटबोल्टांनी जोडलेली. त्यामागेही कारण आहे. विलायतेत ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला. मग लहान लहान कारखान्यांकडून तुकडे करून घ्यायचे आणि वेगळ्या चासीवर जोडायचे, असा मार्ग काढावा लागला. अडचणीतून निघालेली ही युक्ती आपल्यासारख्या देशांना फळली, कारण तुकड्यांत आलेली गाडी कुठेही जोडता येते. आणि साठ वर्षांनी अड्यारच्या अंगणात उकलताही येते.

उकलल्यावर दिसला गंज. समुद्र हाकेच्या अंतरावर, वारा खारट, त्यात पुराचा चिखल. चासीला दोन्ही बाजूंनी बॉडीला आधार देणारे जे हात असतात ते पापडासारखे झाले होते. बोटानं दाबलं की खळ्ळ. नवे कोण देणार? पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून घरीच केले. आपण ज्याला डेंटिंग म्हणतो त्याला तिकडे टिंकरिंग म्हणतात. तो टिंकरिंगवाला सत्तरीचा होता आणि लांबी भरायला साफ नकार द्यायचा. "लांबी म्हणजे पावडर, चेहरा नव्हे," असं काहीसं तो तमिळमध्ये म्हणे. बाकीच्या वस्तूंसाठी एगमोरजवळचं पुदुपेट. आपला मुंबईचा चोरबाजार आठवावा. एका रविवारी मीही गेले होते. दाराची एक मूठ मिळवायला तीन तास लागले. ती मिळाल्यावर त्या गृहस्थांचा चेहरा असा फुलला, की मुंजीत मुलाला पहिलं घड्याळ मिळाल्यावर फुलतो तसा.

दोन वर्षं गेली अशी, आणि मग हा 'बॅकडेट'चा किडा वळवळला.

हा प्रकार मूळचा पोर्श गाडीवाल्यांचा. अमेरिकेत बंपरचे नियम कडक झाले म्हणून १९७४ पासून पोर्श ९११ ला जाडजूड बंपर आले आणि बॉनेट आखूड झालं. शौकिनांना आधीचंच रूप देखणं वाटायचं. मग लोक पुढची गाडी घेऊन तिला मागच्या सालातला चेहरा बसवू लागले. गाडी १९८० ची, दिसायला १९७० ची. म्हणजे मागची तारीख घातलेली नोंद! मी तसं म्हटल्यावर शेजारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या बँकेत गुन्हा, आमच्याकडे कला."

त्यांचा बेत असा होता. अप्पांनी पंचेचाळीस वर्षांत गाडीला जे जे चिकटवलं ते सगळं काढायचं. फियाटचं कार्ब्युरेटर, पुढचा लोखंडी पाइपचा बंपर-गार्ड, टपावरचं कॅरिअर, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा, सगळं. भोकं बुजवायची. गाडी १९६६ मध्ये कारखान्यातून निघाली तशी करायची, आणि त्याच्याही पुढे जाऊन टप उडवून तिला उघडी स्पोर्ट्स कार बनवायची.

अप्पा पहिल्या तीन वस्तूंना काही बोलले नाहीत. पंख्याचं नाव निघालं तसा पेपर खाली आला.

"वेण्डाम," ते म्हणाले. नको.

मुलगा समजावत होता, की कारखान्यातून निघताना पंखा नव्हता, तो मूळचा नाही. अप्पा म्हणाले, "थिऑसॉफिकल सोसायटीतला वड पाहिलास ना? त्याचं मूळ खोड १९८९ च्या वादळात पडलं. आता पारंब्यांवर उभा आहे. मग काय, तो वड मूळचा नाही?" मुलगा म्हणाला, "झाड वेगळं, गाडी वेगळी." आणि दोघंही चिडले. आठवडाभर अंगणात हातोडीचा आवाज नव्हता. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पंख्याची गोष्ट मला मामींनी सांगितली, सांबाराचा डबा परत द्यायला गेले तेव्हा. १९७४ चा मे महिना, अग्नी नक्षत्राचे दिवस. मामी बाळंत होऊन इस्पितळातून घरी यायच्या होत्या. आदल्या दिवशी अप्पांनी बाजारातून बारा व्होल्टचा पंखा आणला, स्वतःच्या हातानं डॅशबोर्डला भोक पाडलं आणि पंखा बसवला. भोक वाकडं पडलं. त्या वाकड्या पंख्याचा वारा घेत जे बाळ अड्यारला आलं, तेच आता अंगणात लांबी न भरता भोक बुजवायला निघालं होतं. "त्याला माहीत नाही का?" मी विचारलं. मामी म्हणाल्या, "त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. पुरुषांच्या गाडीत मी कशाला बोलू?"

मी तपासणी खात्यातली बाई. कागद दडवलेला मला सहन होत नाही. त्याच संध्याकाळी मी चिरंजीवांना सांगून टाकलं. बरं केलं की वाईट, कोण जाणे. ते काही बोलले नाहीत.

टपाचा प्रश्न मात्र राहिला होता. हेराल्डचा टपही बोल्टांनी बसवलेला असतो, कापावा लागत नाही. बॉडीचा भार चासी उचलते, म्हणून टप नसला तरी गाडी मोडून पडत नाही. एका रविवारी आतला गंज काढण्यासाठी म्हणून टप उतरवला. चार जणांनी उचलून तो जिन्याखाली नेऊन ठेवला आणि अंगणात उभी राहिली एक उघडी, बुटकी, भलतीच चवचाल दिसणारी गाडी. इंजिन अजून बाहेर, फळ्यांवर. सीटच्या जागी पाट ठेवले होते. मुलानं अप्पांना हात धरून आणलं आणि चालकाच्या जागी बसवलं, स्वतः शेजारी बसला. अप्पांनी स्टिअरिंग धरलं. अंधार पडेपर्यंत दोघं तसेच बसले होते, न हलणाऱ्या गाडीत, शोलावरमच्या जुन्या शर्यतींबद्दल बोलत. कोण कुठल्या वळणावर घसरला यावर वादही झाला. आमची नातवंडं गॅलरीतून टाळ्या वाजवत होती.

टप पुन्हा चढला तो कायद्यामुळे, असं चिरंजीव सांगतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्यातून २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदणाऱ्यांना 'व्हीए' मालिकेतला मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची.

त्या शेवटच्या अटीवर अप्पा बरेच दिवस अडले होते. गाडी असून बाजारात न्यायची नाही, म्हणजे कसली गाडी! अखेर त्यांनीच होकार दिला. आता डोळ्यांना कमी दिसतं, बाजारात तसंही कोण जातंय, म्हणाले.

कागदपत्रं लावायला मला बोलावलं होतं. टेबलावर फाइल, फिल्टर कॉफी आणि मी चष्मा पुसून बसलेली. गाडीची एक यादी चिरंजीवांनीच तयार केली होती, कुठला भाग मूळचा, कुठला बदललेला, कधी बदललेला. कार्ब्युरेटर मूळचं, पुदुपेटहून आणलेलं. चासीचे हात नवे, २०१७. मी एकेक ओळीवर बोट ठेवत खाली आले. शेवटची ओळ होती, 'डॅशबोर्डवरील पंखा, मे १९७४.'

"मोटर पुरात जळाली होती," ते म्हणाले, "वाइंडिंग करून आणलं. भोक वाकडंच ठेवलंय."

तारीख मी तपासली. बरोबर होती.