वेगळा कप

माणसाचा धर्म जाणून घ्यायला लोक आडनाव विचारतात. माझं म्हणणं असं, की आडनाव राहू द्या, त्याचं स्वयंपाकघर दाखवा. मी काही धर्मपंडित नव्हे. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला, बी.कॉम. (सेकंड क्लास) झालेला, एक पुणेकर ख्रिस्ती कारकून. शास्त्र कळत नसलं तरी हिशेब कळतो.

आमच्या मंडळीत सध्या ठोक विश्वासाची चलती आहे. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट, पुढचं बाक आणि खणखणीत प्रार्थना. नाताळात घरावर तारा असा टांगायचा, की बेथलेहेमला निघालेल्या मागी लोकांनी चुकून कोथरूडलाच उतरावं. असल्या एका बंधूंना मी भीतभीत म्हटलं, “रोजचं काहीतरी लहानसं करावं म्हणतो मी.” ते म्हणाले, “छे हो! असल्या किरकोळ गोष्टींत का विश्वास असतो?”

किरकोळ! बँकेत हा शब्द आम्ही जपून वापरतो. रोज वीस रुपये पिग्मीत टाकणारी भाजीवाली वर्षाअखेरीला मुलीची फी भरून मोकळी होते. आणि एकदाच ठोक रक्कम भरून मॅनेजरशी हस्तांदोलन करणारे गृहस्थ दुसऱ्या महिन्यात ओव्हरड्राफ्ट मागायला येतात. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. सालाचं धान्य भरून ठेवायची सोय तीत नाही!

आणि धर्म किरकोळ गोष्टींत नसतो, हे निदान पुण्यात तरी कुणी बोलू नये. १८९० च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशांनी नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. लोकमान्यांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. आता गंमत पाहा. रानडे प्रार्थना समाजातून वर्षानुवर्षं एकेश्वराची व्याख्यानं देत होते. ती या शहराने पचवली. कपभर चहा मात्र पचला नाही! त्या सनातन्यांशी माझं भांडण आहेच, पण एक गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. मतं कोणतीही असोत, धर्म बदलतो तो कपापाशी.

हेच उलट्या बाजूने पाहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात पुन्हा नवऱ्याकडे आल्या तरी त्या सोवळं सांभाळून आपलं वेगळं शिजवीत. पुढे ते सोवळं सुटलं, आणि बाप्तिस्मा झाला तो त्याच्यानंतर. म्हणजे आधी घागर बाटली, मग देऊळ आलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हा क्रम ठाऊक आहे.

आणि खुद्द प्रभूवर शास्त्री-परूश्यांचा मोठा आक्षेप कोणता होता? हा जकातदारांच्या पंगतीला बसतो! तिथेही प्रकरण जेवणाचंच.

आता आजच्या आमच्या ख्रिस्ती घरांत या. भिंतीवर शेवटच्या भोजनाचं चित्र असतं. एकाच ताटलीत हात घालणारे तेरा जण. आणि त्याच भिंतीपलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा घातलेला एक कान तुटका कप असतो. तो कामवाल्या बाईंचा. “काय आहे, त्यांना तोच आवडतो,” असा खुलासाही मिळतो. एकशे तीसांहून अधिक वर्षांपूर्वी आपला चहा प्यायले म्हणून मोठमोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, ही गोष्ट आम्ही छाती फुगवून सांगतो. आणि सांगता सांगता वेगळ्या कपात चहा ओततो! मुलीचं स्थळ आलं, की पाळकसाहेबांना बाजूला घेऊन हळूच विचारतो, “मंडळी मूळची कोण?” बाप्तिस्म्याच्या पाण्याने आदिपाप धुतलं जातं म्हणतात. ही ‘मूळची’ तेवढी कशी कोरडी राहते?

मला कुणाकडून चमत्कार नकोत. पाण्यावर चालू नका. नळाचं पाणी खालच्या मजल्याला पुरेल एवढंच वापरा. जेवणापूर्वी डोळे मिटून देवाचे आभार मानता, ते उघडल्यावर जिने पोळ्या लाटल्या तिचेही माना. लिफ्टमध्ये सफाईवाला शिरला, तर पुढच्या लिफ्टची वाट पाहू नका. पिग्मी आहे ही, रोजची. पावती मिळत नाही, हे कबूल.

एखादा रविवार चुकला तरी चालेल. पाळकसाहेबांची समजूत मी काढीन. पण सोमवारी सकाळी तो कान तुटका कप केराच्या टोपलीत टाका, फळीवरच्या नाताळच्या सेटातला एक खाली काढा आणि बाईंना म्हणा, “बसा, चहा घ्या.” खुर्चीवर हं! जमिनीवर बसवलंत, तर हिशेब पुन्हा पहिल्या पानापासून.