उटण्याची लेखी नोंद

दिवाळी जवळ आली की अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांच्या पुड्या बांधल्या जाऊ लागतात. वरुड-मोर्शीकडची संत्री घरात आली की त्यांची साल फेकून न देता सावलीत वाळवणारी घरे वऱ्हाडात आजही आहेत. ही सालीची पूड, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, चिमूटभर हळद आणि साय एवढ्या साहित्यावर कित्येक पिढ्यांच्या कांतीची निगा राखली गेली. मात्र कोणता जिन्नस किती घ्यायचा, कोणाला चालतो आणि कोणाला सोसत नाही, हे कोठे लिहून ठेवले आहे असे विचारले, तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : आजीला सारे ठाऊक होते.

तोंडी ज्ञानाला कायद्याच्या दारात किती किंमत असते, हे हळदीच्या पेटंट-प्रकरणाने एकदा चांगलेच दाखवून दिले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील मूळ भारतीय अशा दोन संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्यात आले. ज्या देशात मुलाचे ढोपर फुटले की आईचा हात प्रथम हळदीच्या डब्याकडे जातो, त्या देशाला हे वृत्त चमत्कारिक वाटणे स्वाभाविकच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली.

अडचण वेगळीच होती. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, एवढ्याने भागत नसे. ती छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेली असणे आवश्यक होते. कोट्यवधी गृहिणींचा रोजचा अनुभव पुरावा म्हणून उभा राहू शकत नव्हता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू आदी भाषांतील बत्तीस संदर्भ शोधून सादर केले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंधही त्यांत होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील सर्व दावे फेटाळले गेले आणि १९९८ मध्ये त्या निर्णयावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. हळद जिंकली ती तिच्या गुणामुळे, हे खरेच. परंतु तो गुण कोणीतरी, कधीतरी कागदावर उतरवून ठेवला होता म्हणून तिला जिंकता आले.

या प्रकरणाने शासनही जागे झाले. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. प्राचीन ग्रंथांतील औषधयोग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत पेटंट-परीक्षकांना उपलब्ध करून देण्यात आले. २००२ च्या दुरुस्तीने भारताच्या पेटंट कायद्यातही पारंपरिक ज्ञानाला नवा शोध म्हणून पेटंट मिळणार नाही, अशी तरतूद झाली. तथापि हे ग्रंथालय ग्रंथांतील ज्ञानापुरते आहे. अचलपूरच्या किंवा अकोटच्या एखाद्या स्वयंपाकघरातील प्रमाण तेथवर पोहोचणे कठीण. ते त्या घरानेच जपावयाचे असते.

जैन परंपरेला लेखनाचे हे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली. राष्ट्रकूटकाळातील उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला आणि मद्य, मांस व मध टाळूनही चिकित्सा करता येते, ही भूमिका त्यात मांडली. १९४० मध्ये सोलापूरहून हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध झाला. आज बाजारातील अनेक लेपांच्या कृतीत मध असतो. तो वर्ज्य मानणाऱ्या घरांत त्याच्या जागी साय, दही किंवा गुलाबपाणी घेण्याचा प्रघात आहे. कंदमुळे न खाणाऱ्या घरांतही वाळलेली हळद आणि सुंठ चालते. असे बारकावे लिहिले नाहीत, तर पुढच्या पिढीला ते कळावेत कोठून?

नोंदीत प्रमाणाइतकीच सावधगिरीही यावयास हवी. ‘वनस्पतीचे आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ ही समजूत वऱ्हाडात तरी टिकू नये. कारण येथे बिबा सर्वांना परिचित आहे. त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते आणि त्याचे तेल पायांच्या भेगांवर लावण्याची जुनी रीत आहे. पण तेच तेल एखाद्याच्या अंगावर असे उतते, की फोड आणि सूज आठवडाभर हटत नाही. जुन्या बायकांना हे ठाऊक होते, म्हणून त्या जपून हात लावीत. औषध लक्षात राहिले आणि पथ्य विसरले, तर अपायच पदरी पडतो. लिंबाच्या रसाचेही तसेच आहे. तो चेहऱ्यावर लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि वऱ्हाडचे ऊन काही साधे नव्हे.

आजच्या हळदीविषयी आणखी एक काळजी घ्यावी लागते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडतात. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते, तर भेसळीच्या हळदीने ते गडद पिवळे होते. ही प्राथमिक परीक्षा होय. शिशाची खात्री प्रयोगशाळेतच होते. अखंड हळकुंडे आणून दळून घेणे आणि पूड उजेडापासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे अधिक बरे. पूर्वी हळकुंडावर लिंबूरस व टाकणखार यांचे संस्कार करून कुंकू तयार होई. आज अनेक ठिकाणी त्याची जागा कृत्रिम रंगांनी घेतली आहे. टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने काही स्त्रियांच्या कपाळावर पांढरा डागही पडतो. खाज सुटताच टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

उटण्याकडून अपेक्षाही रास्त असाव्यात. डाळीचे पीठ मळ व तेलकटपणा काढते, साय कोरडेपणा कमी करते आणि हळद दाह शमविण्यास साहाय्य करते. जन्मजात वर्ण पालटण्याचे सामर्थ्य कोणत्याही पुडीत नाही, आणि उपवर मुलीला तशी आशा दाखवणे हा तिच्यावर अन्यायच आहे. नवा जिन्नस प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. तान्ह्या बाळाच्या नाजूक त्वचेवर खरखरीत पूड घासू नये. खोल जखमेला हळद नव्हे, दवाखाना हवा. वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका असल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन वनौषधी उद्यानासारख्या ठिकाणी जाणकारांना विचारता येते.

यंदाच्या दिवाळीपूर्वी प्रत्येक घराने एक छोटीशी वही घालावी. जिन्नसाचे स्थानिक नाव, मिळण्याचे ठिकाण, वाळवण्याची रीत, मोजून घेतलेले प्रमाण, कोणाला लाभले, कोणाला सोसले नाही, आणि हे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे नाव व दिनांक, एवढे रकाने पुरेत. मोजण्यासाठी ‘अंदाजे’ हा शब्द टाळून आजीच्या मुठीतले पीठ प्रत्यक्ष तराजूत घालावे. सुना-लेकींनी आणि नातवंडांनी हे काम वाटून घेतले, तर दोन दुपारी पुरतात. आजी सांगायला आहे, तोवरच ही वही भरता येते.