पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं नव्हे!

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ घालावं म्हटलं तर त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. त्यामुळे राजारामपुरीतल्या दुकानातून कधीकाळी हौसेने आणलेला, अजून ठणठणीत चालणारा कॉम्प्युटर एकदम म्हातारा ठरला! भंगारवाला तो किलोवर नेईल. पण त्याआधी एक फुकटची वाट आहे. तिचं नाव लिनक्स.

हे नाव काढलं की घरातली मोठी माणसं दचकतात. ‘नको रे बाबा! त्यात काळा पडदा येतो आणि इंग्रजीत कायबाय टाइप करावं लागतं.’

गंमत बघा हं. तुमच्या ओळखीत कुणी १९९०च्या सुमारास कॉम्प्युटरचा क्लास केला असेल, तर त्यांना विचारा. त्यांच्यापुढे असायचा तो डॉसचा काळा पडदाच. ‘डीआयआर’ टाइप केलं की फायलींची यादी यायची. कुणी घाबरत नव्हतं, कारण दुसरं काही नव्हतंच! मग १९९५ साली विंडोज ९५ आलं, माउस हातात आला, आणि सगळ्यांना चित्रावर बोट ठेवायची सवय लागली.

बोट ठेवणं वाईट नाही. हॉटेलात मिसळीच्या फोटोवर बोट ठेवलं तरी मिसळ येतेच की. पण आपला कोल्हापूरकर काय म्हणतो? ‘मालक, दोन मिसळ, एकीत कट कमी, पाव जादा.’ हे सगळं बोटाने कसं सांगणार? काळ्या पडद्यावर लिहायचं ते असंच. आधी काम, मग ते कसं हवं, मग कशावर. पन्हाळ्याच्या सहलीचे चारशे फोटो ‘पन्हाळा’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचे असतील, तर एक ओळ पुरते. ‘एमव्ही’, मग फुली-टिंब-जेपीजी, मग फोल्डरचं नाव. फुलीचा अर्थ ‘सगळे’. एंटर मारा, झालं!

आणि इथेच नवशिके गडबडतात. काम झालं तरी पडदा काहीच बोलत नाही! तालमीतल्या वस्तादासारखं आहे हे. डाव बरोबर बसला की वस्ताद गप्प, चुकला की लगेच आवाज. ‘कमांड नॉट फाउंड’ असं आलं तर काही फुटलेलं नसतं. बहुतेक वेळा एखादं अक्षर चुकलेलं असतं किंवा मोठ्या लिपीत पडलेलं असतं. लिनक्सला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात.

बरं, हे लिनक्स काही परग्रहावरून आलेलं नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, आणि सगळ्या जगाला वापरायला नि सुधारायला खुलं केलं. जो अँड्रॉइड फोन घेऊन काका ‘लिनक्स नको’ म्हणतात, त्या फोनचा गाभा लिनक्सचाच आहे! पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी’ हा महासंगणकही लिनक्सवरच चालतो. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं. त्यात मराठीचीही सोय आहे.

आता करून बघायचं. कुणा मोठ्याला हाताशी घ्या आणि ‘लिनक्स मिंट’ रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. (पेनड्राइव्ह पुसला जातो, तेव्हा त्यात ताईचा प्रोजेक्ट नाही ना, ते आधी बघा!) कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. घरातलं विंडोज जागच्या जागी राहतं. ‘इन्स्टॉल’च्या चित्राला आणि घरच्या हार्डडिस्कला मात्र हात लावायचा नाही. इंटरनेट, पत्र टाइप करणं, गाणी हे सगळं माउसनेच होतं. काळा पडदा उघडलाच पाहिजे, अशी सक्ती नाही.

पण उघडाच! ‘पीडब्ल्यूडी’ टाइप करा, लहान लिपीत. बांधकाम खात्याशी याचा काही संबंध नाही. ‘मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे?’ असा तो प्रश्न आहे. मग ‘एलएस’ म्हणा, आसपास काय आहे ते दिसेल. ‘सीडी’ने दुसऱ्या फोल्डरमध्ये जा. डॉसमध्येही हाच शब्द होता, तेव्हा क्लासवाल्या मावशीला तो नक्की आठवेल. खऱ्या भीतीची एक आज्ञा म्हणजे ‘आरएम’. ती फाइल पुसते आणि कचऱ्याच्या टोपलीतही ठेवत नाही. ती सध्या राहू द्या.

एक अडचण मात्र मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. छपाईच्या कामातले जुने मराठी फॉन्ट नि पेजमेकर लिनक्ससाठी बनलेले नाहीत. त्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांनी घाईने बदल करू नये. युनिकोड मराठी मात्र लिनक्समध्ये झकास टाइप होते. सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड निवडा आणि पहिलं आपलं नाव लिहा.