उचललेली गाडी, टांगणीला लागलेला जीव

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रक्तदाब, मधुमेह, दूषित पाणी आणि डास येतात. आरोग्याच्या सदरात बहुतेक वेळा याच विषयांवर लिहिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु अंगात कोणताही रोग नसलेला, धडधाकट, कमावता माणूस पाच मिनिटांत दगावतो किंवा जन्माचा अधू होतो, तेव्हा तोही आरोग्याचाच प्रश्न असतो. जॅकवर उचललेली मोटार, तिचे चालू इंजिन आणि तिच्याखाली आडवा झालेला माणूस, हे दृश्य एस. टी. स्टँडमागच्या गॅरेजांच्या रांगेत दिसते, महामार्गाच्या कडेला दिसते आणि हल्ली मोबाईलवर व्हिडिओ पाहून दुरुस्तीला बसणाऱ्या हौशी मंडळींमुळे रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारातही दिसते. ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. इंजिन चालू असेल तर गाडीखाली कोणी असता कामा नये; आणि गाडीखाली कोणी असेल तर इंजिन बंद व चावी त्याच्याच खिशात हवी. हा नियम प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी गॅरेजवाल्याइतकीच गाडी घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचीही आहे.

उचललेल्या गाडीचे इंजिन चालू करावेच लागू नये, असे नाही. ऑईल कुठून गळते, सायलेन्सर कुठे फुटला आहे, चाकाच्या बेअरिंगचा आवाज येतो का, हे कधीकधी इंजिन सुरू करूनच कळते. प्रश्न आहे तो हे काम कशाच्या आधारावर आणि कोणाच्या जिवावर होते, हा.

पहिली गोष्ट वजनाची. लहान मोटारीचे वजन ७०० ते १,००० किलोच्या घरात असते. म्हणजे पन्नास किलोची चौदा ते वीस पोती. जीपच्या धर्तीच्या मोठ्या गाड्या दोन टनांच्या आसपास जातात. एवढे ओझे आपण ज्या जॅकवर उचलतो, तो जॅक मुळात उचलण्यासाठी बनवलेला असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार कोंडलेल्या तेलावर असतो. आतले रबरी सील झिजले की तेल हळूहळू सरकते, आणि एखाद्या वेळी एकदम दगा देते. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक तर केवळ चाक बदलण्यापुरता असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेतही सहसा स्पष्ट बजावलेले असते, की या जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नये आणि इंजिन सुरू करू नये. पण पुस्तिका वाचतो कोण?

पेलण्याचे काम लोखंडी स्टँडचे. रुंद पायांचा, खिळीने किंवा दात्यांनी पक्का होणारा आणि किती टन पेलतो हे ज्यावर लिहिले आहे असा स्टँड दोन्ही बाजूंना, गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जागीच लावायला हवा. त्याऐवजी आपल्याकडे विटा, दगड किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे लावले जातात. वीट आणि ठोकळा हळूहळू वाकत नाहीत, ते एकाएकी फुटतात. सावध व्हायलाही सवड मिळत नाही. त्यात इंजिन सुरू असेल तर गाडीचा सांगाडा सतत थरथरत राहतो. नीट न बसलेला आधार त्या थरथरीने कणाकणाने सरकतो. ऐन उन्हाळ्यातले मऊ डांबर, पावसाळ्यातली भुसभुशीत माती आणि उतार यांवर तर चांगला स्टँडही रुततो किंवा कलतो.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. “हँडब्रेक ओढलाय की!” असे सांगून पुष्कळ जण निर्धास्त होतात. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजूच उचलली, तर तो अधांतरी चाकांना धरून बसतो आणि पुढची चाके मोकळीच राहतात. म्हणून जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचर लावल्याशिवाय गाडी उचलूच नये. इंजिनची शक्ती जाते त्या दोन चाकांपैकी एकच उचलून गाडी गियरमध्ये टाकणे, हा आणखी एक जीवघेणा प्रकार. डिफरन्शियलमुळे आधी अधांतरी चाक जोरात फिरते. पण त्याला जरा अडथळा झाला की जोर जमिनीवरच्या चाकाला मिळतो आणि गाडी स्टँडवरून पुढे झेप घेते.

तिसरी गोष्ट दिसत नाही, तिला वास नाही आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. परंतु त्याची ओढ प्राणवायूपेक्षा या वायूकडे दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत हा वायू थोडा असला, तरी तो रक्तातली जागा बळकावतो आणि शरीर आतल्या आत गुदमरते. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग हातपाय ऐकत नाहीत आणि माणूस बेशुद्ध होतो. दुर्दैव असे, की हा वायू सर्वात आधी विचारशक्तीच मंद करतो, त्यामुळे बाहेर पडले पाहिजे हेच सुचत नाही. उन्हाचा त्रास, पित्त किंवा उपाशीपोटी काम म्हणून ही लक्षणे झटकली जातात.

पावसाळ्यात झड लागली की गॅरेजचे शटर अर्धे ओढून घेतात आणि आत इंजिन सुरू ठेवतात. “नवी बीएस-६ गाडी आहे, तिचा धूर स्वच्छ असतो,” असा युक्तिवादही ऐकू येतो. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापल्यावरच काम करतो. गाडी नुकतीच सुरू केली असता त्याचा उपयोग फारसा नसतो. शिवाय कोंडलेल्या जागेत हवेतला प्राणवायू कमी होत गेला की इंधन अर्धवट जळते आणि विष वाढते. गॅसवर चालणारी गाडीही याला अपवाद नाही. डिझेलच्या धुरात हा वायू तुलनेने कमी असला, तरी त्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा इंजिन सुरू करायचे तर उघड्यावरच.

आता दुर्घटनेत शरीराचे काय होते ते पाहू. गाडी छातीवर आली की बरगड्या हलू शकत नाहीत. श्वास आत घेण्यासाठी छाती फुगावी लागते, तीच फुगत नाही. एकही हाड न मोडता माणूस काही मिनिटांत गुदमरून जातो. मांडी किंवा दंड दीर्घकाळ चिरडला गेला, तर धोका निराळा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली, वरवर बरी दिसणारी माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. डॉ. बायवॉटर्स आणि डॉ. बील यांनी १९४१ साली याचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरतात. त्यातले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते आणि उरलेली द्रव्ये मूत्रपिंडे तुंबवतात. म्हणून अशा अपघातातून सुटलेला माणूस “मी ठीक आहे” म्हणाला, तरी त्याला घरी पाठवू नये. लघवी चहासारखी गडद होणे हे धोक्याचे चिन्ह आहे. डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय जवळ करावे.

कोणी गाडीखाली सापडलाच, तर आधी इंजिन बंद करावे. हाताशी असेल त्या जॅकने गाडी पुन्हा उचलावी आणि उचलता उचलता खाली टेकू सारत जावे, नाहीतर ती दुसऱ्यांदा कोसळते. एकाने त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. धुराने कोणी पडला असेल, तर प्रथम शटर पूर्ण उघडावे, इंजिन बंद करावे आणि त्याला मोकळ्या हवेत आणावे. श्वास रोखून आत धावणारा दुसरा माणूसही तिथेच कोसळू शकतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. या विषबाधेतही ते आकडा चांगला दाखवते. त्यावर विसंबू नये. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू देणे हाच उपचार आहे. तापलेल्या सायलेन्सरने किंवा रेडिएटरच्या पाण्याने भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये.

मग उचललेल्या गाडीचे इंजिन सुरू करायचेच असेल तर कसे? कठीण व सपाट जमीन, दोन्ही बाजूंना पक्के स्टँड, जमिनीवरच्या चाकांना पाचर, गियर न्यूट्रलमध्ये. गाडीला बाजूने हाताने जोर लावून पाहावे. ती तसूभरही डगमगता कामा नये. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे आणीबाणीला तेवढा टेकू मिळतो. सैल बाही, गळ्यातला पंचा, ओढणी, हातातले कडे आणि मनगटाचा गंडादोरा पट्ट्यात व पंख्यात सापडतो. तो आधी काढावा. इंजिन बंद झाल्यावरही रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होतो, हे विसरू नये. इंजिन सुरू करणाऱ्याने आधी मोठ्याने हाक द्यावी आणि सगळे बाहेर आल्याचे डोळ्यांनी पाहावे. गियरमध्ये टाकून चाके फिरवून पाहायचे काम असेल, तर ते लिफ्ट असलेल्या गॅरेजवरच सोपवलेले बरे. बटणावर सुरू होणाऱ्या आणि हायब्रीड गाड्यांबाबत विशेष जपावे. हायब्रीड गाडीचे इंजिन, गाडी पूर्ण बंद केली नसेल, तर आपल्या आपण सुरू होऊ शकते. तिची चावी गाडीपासून लांब ठेवावी.

“वीस वर्षे असेच करतोय, काही झाले नाही,” असे अनुभवी मिस्त्री म्हणतात. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल आदर बाळगूनही सांगावेसे वाटते, की कसब माणसाच्या हातात असते, जॅकच्या सीलमध्ये नव्हे. “खालून ऐकल्याशिवाय आवाज कळत नाही,” हे म्हणणे अधिक विचारात घेण्यासारखे आहे. पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तो चित्रीकरणावर लावून इंजिन बंद असतानाच खाली ठेवावा, बाहेर येऊन इंजिन सुरू करावे, पुन्हा बंद करून मोबाईल काढावा आणि निवांत पाहावे. मोबाईल चिरडला तर दुसरा घेता येतो.

खरे कारण घाईत आहे, आणि ती घाई बहुतेक वेळा आपली असते. “अहो मिस्त्री, अर्ध्या तासात करून द्या, लग्नाला जायचंय,” असे म्हणून आपण बाकावर चहा पीत बसतो. स्टँड लावायला दहा मिनिटे लागतात, तीच दहा मिनिटे मिस्त्री वाचवतो. आणि पुष्कळदा तो स्वतः खाली जात नाही. अंगाने बारीक असलेल्या पोऱ्याला धाडतो. चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात नोकरीला ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही उस्तादाला “नाही” म्हणू शकत नाही. त्याच्या वतीने ते आपण म्हणायला हवे. “आधी स्टँड लावा, मी थांबतो,” एवढे एक वाक्य पुरे. त्यासाठी मजुरीत पाच-पन्नास रुपये जास्त गेले, तरी ते औषधपाण्याहून स्वस्तच.

खंडेनवमीला प्रत्येक गॅरेजात पाने, हातोडे आणि जॅक धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल ठेवले जाते. ही रीत चांगली आहे. त्याच दिवशी जॅकचे सील तपासावे, वाकलेला स्टँड भंगारात काढावा आणि नसल्यास दोन चांगले स्टँड विकत आणून त्यांनाही पूजेत मांडावे. पोटाला अन्न देणाऱ्या हत्याराचा मान राखायचा, तर त्याच्याखाली निजणाऱ्या माणसाचा जीव आधी राखला पाहिजे.