समाचाराला जाण्याऐवजी

फोन करणे हा आता उद्धटपणा झाला आहे, असे मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. आधी न विचारता फोन लावला तर तो म्हणे दुसऱ्याच्या वेळेवर दरोडा, आणि न कळवता दारात उभे राहणे म्हणजे तर आक्रमणच. मेसेज मात्र सभ्य, कारण ज्याला सवड होईल तेव्हा तो वाचेल. शिवाय ग्रुपमुळे लांबचे चुलत-मावस नातेवाईकही रोज भेटतात, मग उंबरे झिजवायचे कशाला? हा युक्तिवाद समंजस वाटतो, म्हणूनच तो घातक आहे.

सवडीचा मुद्दा आधी घेऊ. सकाळी घरच्या ग्रुपवर काकांच्या निधनाची बातमी येते. दुपारपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि वरच्याचीच नक्कल केलेली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पुन्हापुन्हा उमटते. मध्येच कुणाच्या नातवाचा केक येतो, त्याला शुभेच्छा मिळतात, मग पुन्हा हात. यात सवड कुणाची सांभाळली गेली? पाठवणाऱ्याची. काकूंना शेवटची रात्र कशी गेली, डॉक्टर काय म्हणाले, हे कुणाला तरी सांगायचे असते; पुन्हा सांगायचे असते. जोडलेल्या हातांना ते सांगता येत नाही. काकूंना त्रास नको म्हणून फोन केला नाही, हे सांगणाऱ्यांनी आपण कुणाचा त्रास वाचवला ते तपासावे. अमेरिकेत लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलींना ताण येईल अशी कामे दिली होती. त्यानंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काही आईशी फोनवर बोलल्या, काहींनी चॅट केले, तर काहींचा आईशी संपर्कच होऊ दिला नाही. भेटलेल्या आणि बोललेल्या मुलींमध्ये ताणाचे कॉर्टिसॉल उतरले, जवळिकीशी निगडित ऑक्सिटोसिन वाढले. चॅट करणाऱ्या मुलींचे कॉर्टिसॉल संपर्क नसलेल्या मुलींइतकेच चढलेले राहिले. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण धीर शब्दांइतकाच आवाजातूनही पोचतो, हे कुठल्याही आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला ठाऊक असते.

तयार मजकूर पूर्वीही होताच, तारखात्याकडे शुभेच्छांचे क्रमांकित संदेश नव्हते का, असा जुना प्रश्नही पुन्हा उकरला जातो. होते. पण ती तार एका घराच्या पत्त्यावर जायची, तिचे पैसे मोजावे लागायचे, आणि ज्याला येणे जमत नाही तो ती करायचा. तारसेवा २०१३ साली बंद झाली; हा प्रश्नही तिच्याबरोबर निवृत्त व्हायला हरकत नव्हती. ज्या काळात रात्री दर उतरण्याची वाट पाहत लोक एसटीडी बूथबाहेर ताटकळायचे, मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, त्या काळात माणसे बोलत होती. बोलणे जवळजवळ फुकट झाले आणि आता आपण फोनला शिष्टाचाराचा भंग म्हणतो!

वेळ नाही म्हणणाऱ्यांनी स्टेटस पाहण्यात किती वेळ गेला, ते आपल्याच मोबाइलमध्ये बघावे. परदेशातल्या मुलांचा व्हिडिओ कॉल आमच्याच बाजूचा आहे, त्यात आवाज आहे, चेहरा आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मजकूर हाच संवाद आहे, त्यांच्याशी माझा वाद नाही. अवघडल्यासारखे होईल ही भीती मात्र खरी आहे. पण अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ साली मांडलेल्या अभ्यासात दिसले, की लोक जुन्या मित्राला फोन करताना जितके अवघडलेपण गृहीत धरतात तितके ते होत नाही आणि जवळीक जास्त वाटते.

ग्रुप बंद करा, असे मी म्हणत नाही. लग्नाची तारीख, हॉलचा पत्ता, रक्ताची गरज यांसाठी तो उत्तम आहे. मृत्यू, आजारपण, बाळंतपण, गेलेली नोकरी आणि धरलेला अबोला यांसाठी मात्र आवाज लागतो, शक्य असेल तर माणूस लागतो. आज ग्रुपवर एखादी निधनवार्ता आली असेल, तर हात जोडण्याआधी त्या घरी फोन लावा. गावातच असाल तर जाऊन या.