दादांचे अपुरे चित्र

घर जुने झाले की माणूस त्याची डागडुजी करतो; संगणक जुना झाला की मात्र "नवा घ्या" म्हणून मोकळा होतो. मीही त्यातलाच. पण हा मोकळेपणा मला एकदा फार महागात पडणार होता. त्याची हकीकत फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

आमचे मूळ घर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे. माणगंगेच्या काठचे, सिद्धनाथाच्या छायेतले हे गाव. पाऊस बेताचाच; पण मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवाचा रथ निघाला आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू झाली, की दुष्काळ हा शब्द कुणाला आठवत नाही. मी नोकरीपायी पुण्यात आलो, थोरले बंधू म्हसवडलाच राहिले. दादांना व्हिडिओ कॅमेऱ्याचा भारी नाद. २००३ ते २००९ अशी सात वर्षे त्यांनी रथ टिपला आणि त्याहून अधिक आईला टिपले. आई करंज्या भरताना, आई तुळशीपुढे पणती लावताना, आई कॅमेऱ्याकडे बघून "पुरे की रे आता" म्हणताना!

त्या तासातासाच्या डिजिटल फिती. एक फीत संगणकात उतरवली की सुमारे तेरा जीबी जागा खाई. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला या सगळ्याचा एक चित्रपट दाखवायचा, असा दादांचा बेत. दुकान बंद करून आले की विंडोज एक्सपीवर, संकलनाच्या एका प्रोग्रॅममध्ये, मध्यरात्रीपर्यंत तुकडे जोडीत बसत. २०११ साली दादा अचानक गेले. चित्र अपुरे राहिले. दोन वर्षांनी आईही गेली.

२०१६ च्या दिवाळीत मी शहाणपणा केला. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली होती. असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे, हे मी वाचले होते आणि ते खरेही आहे. तेव्हा एका माहितगाराला बोलावून दादांच्या संगणकात नवी डिस्क बसवली, तीवर विंडोज १० घातले आणि फाइली उतरवून घेतल्या. स्वतःची पाठ थोपटत होतो, तोच वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, आता ह्यांचं ते आईंचं चित्र लावा ना."

लावायला गेलो आणि फजिती झाली. जुना प्रोग्रॅम बसेचना. त्याच्याच नव्या आवृत्तीत काम उघडले, तर जिथे तिथे 'फाइल सापडत नाही' अशा काळ्या पट्ट्या! अगदी शेवटी एक पाटी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. वहिनींनी पदराने कीबोर्डवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "राहू द्या." त्या दोन शब्दांनी जेवढे लागले, तेवढे रागावल्या असत्या तर लागले नसते.

यातली मेख मला पुढे कळली. संकलनाच्या फाइलीत चित्रे नसतातच मुळी. तिच्यात असते केवळ टिपण: अमक्या फितीतला इथून इथपर्यंतचा तुकडा घ्या, त्यापुढे तमका जोडा, इथे आवाज कमी करा. पुरणाची कृती वहीत आणि डाळ-गूळ डब्यांत, तसा हा प्रकार. फडताळातला डबा माळ्यावर ठेवला तर वही बिचारी फडताळातच शोधणार. मी डिस्क बदलली, फाइलींचा पत्ता बदलला, आणि वही आंधळी झाली.

शिवाय वहीची भाषाही कालांतराने कुणाला वाचता येत नाही. फायनल कटची नवी आवृत्ती २०११ मध्ये आली, तेव्हा तिला आधीच्या आवृत्तीतली कामे उघडता येत नव्हती. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या कॅटालिना प्रणालीने ३२ बिटांचे सारे प्रोग्रॅम बंद केले. यात भेदभाव नाही. मुंबईचा स्टुडिओ असो की म्हसवडचा दुकानदार, गत एकच.

मधली आठ वर्षे ते तसेच पडले. मग २०२४ च्या दिवाळीत पुतण्याने, दादांच्या मुलाने, हा विषय काढला. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. आता लग्नांचे शूटिंग करतो. "काका, जुनी डिस्क टाकली का ठेवली?" ठेवली होती! लोखंडी कपाटात, दिवाळी अंकांच्या खाली.

मी लगेच ती संगणकाला लावायला निघालो. त्याने हात धरला. "आधी नक्कल काढू, मग हात लावू." डिस्कची जशीच्या तशी नक्कल त्याने दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मूळ डिस्क कपाटात परत ठेवली. माळ्यावरून दादांचा संगणक उतरवला. आतला नाण्याएवढा सेल मेला होता. त्यामुळे यंत्राला आजची तारीखच ठाऊक नव्हती आणि जुने प्रोग्रॅम अशा वेळी परवान्यावरून अडून बसतात. नवा सेल घातला. इंटरनेटची तार मुद्दाम लावली नाही. एक्सपीचा तो निळ्या आभाळाचा, हिरव्या टेकडीचा पडदा उजळला आणि वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

एकवीस मिनिटांचे चित्र. रथ, गुलाल, करंज्या, पणती. "पुरे की रे आता." त्यानंतर आईचे रिकामे अंगण, आवाज नाही, आणि शेवटी ती पाटी. दादांनी ती जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात लिहिली होती. त्या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत; टंक नसला की खाली खिचडीच उरते. इथे टंक होता. पाटीवर लिहिले होते: 'इथे भाऊचा आवाज हवा.'

भाऊ म्हणजे मी. दादा मला कधी बोलले नव्हते. बोलण्याआधीच गेले. मी मात्र 'नवे घ्या' म्हणत त्यांचा निरोपच पुसायला निघालो होतो.

वाचकहो, तुमच्याही घरी मुंजीच्या, लग्नाच्या अशा फाइली असतील. विंडोज १० चीही नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून पुतण्याने सांगितलेले चार शब्द देतो. प्रणाली बदलण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची नक्कल काढा. काम अपुरे असले तरी, आहे तिथपर्यंतचे चित्र साध्या, सर्वत्र चालणाऱ्या फाइलीत उतरवून ठेवा. मूळ चित्रण, संकलनाची फाइल, प्रोग्रॅमची बसवणी, परवान्याचा क्रमांक आणि टंक एकाच जागी ठेवा. जुने यंत्र ठेवलेत तर इंटरनेटपासून दूर ठेवा. यंत्र फारच थकले, तर नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालवण्याची सोय आहे. मात्र फिती उतरवायची जुनी जोडणी तिथे सहसा चालत नाही, तेव्हा फिती आधीच उतरवून घ्या.

दादांची फाइल आम्ही तशीच ठेवली आहे. वहिनींचा हुकूमच आहे, तिला हात लावायचा नाही. आवाज नकलेवर भरायचा. निवेदनाचा कागद मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. चौथा खिशात आहे. रथाच्या आधी म्हसवडला जाणार आहे.