पित्तनलिकेचा कर्करोग: स्वस्त नळी महाग पडते

"डॉक्टरसाहेब, ऑपरेशन होत नाही म्हणाले. आता काय करायचं?" रिसोड-मानोऱ्याकडचे नातेवाईक थैलीभर रिपोर्ट घेऊन येतात. त्याआधी बरेचदा काही आठवडे काविळीच्या माळेत आणि नाकात टाकायच्या औषधात गेलेले असतात.

गाठीमुळे पित्तनलिका बंद झाली की पित्त रक्तात उतरते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि रात्रभर खाज. गाठ काढता येत नसली तरी तुंबलेली वाट मोकळी करता येते. तोंडावाटे दुर्बीण घालून (ईआरसीपी) तिथे स्टेंट बसवतात. कावीळ उतरली तरच केमोथेरपी देता येते.

माझी तक्रार इथे आहे. घरच्यांना फक्त "स्टेंट टाकला" एवढेच सांगितले जाते. प्लास्टिकचा की धातूचा? प्लास्टिकची नळी जेमतेम ३ मिलिमीटरची, साधारण तीन महिन्यांत तुंबते. धातूची जाळी आत उघडून ८ ते १० मिलिमीटर रुंद होते आणि जास्त काळ मोकळी राहते. ती महाग असते, हे खरे. पण पुन्हा ईआरसीपी, पुन्हा नागपूरची फेरी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे कोण मोजतो? मात्र निदान पक्के नसेल किंवा ऑपरेशनची आशा असेल, तर आधी प्लास्टिकच बरे. उघडी धातूची जाळी सहसा काढता येत नाही.

मग कोणी 'लेझर' सुचवतो, म्हणजे फोटोडायनॅमिक उपचार. २००३ च्या जर्मन अभ्यासात ३९ रुग्णांत फायदा मोठा दिसला. २०१८ च्या ब्रिटिश अभ्यासात ९२ रुग्णांत उलटे झाले: लेझर व स्टेंट मिळून सरासरी ६.२ महिने, नुसत्या स्टेंटने ९.८. वर औषधामुळे चार ते सहा आठवडे ऊन टाळायचे, तेही वाशीमच्या उन्हाळ्यात! रेडिओफ्रिक्वेन्सीने आतून गाठ जाळण्याचे पुरावेही अजून एकमुखी नाहीत. यांसाठी वावर विकू नका.

विचारा: स्टेंट कोणता, कधी बदलायचा, योजनेत बसतो का? डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आणि स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.